आडव्या सायकलवरचा वेग: कुठला रस्ता किती देतो?

मुळशीवाट

नमस्कार मंडळी,

पाठ टेकून, पाय पुढे सोडून चालवायची ती आडवी सायकल, म्हणजे रेकंबंट, मी गेली तीन वर्षं पुण्यात चालवतोय. मणक्यातली चकती सरकली आणि साध्या सायकलवर वीस मिनिटांत डावा पाय बधिर व्हायला लागला, म्हणून तिच्याकडे वळलो. आता कंबर बरी आहे, तरी परत साध्या सायकलवर जावंसं वाटत नाही. त्याला कारण वेग.

पहाटे साडेपाचला हडपसर मागे टाकलं आणि उरुळी कांचनच्या पुढे मोकळा रस्ता लागला की ताशी ३५ किलोमीटरचा वेग तासभर धरता येतो. तेवढ्याच दमात साध्या सायकलवर मी ३० च्या आसपास असायचो. वारा छातीवर आदळत नाही, तळपायांपाशी फाटतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो. मनगटांवर भार नाही, मान वाकडी नाही, समोर आख्खं आभाळ. यवतला चहा घेऊन परत फिरताना अंगात अजून ताकद शिल्लक असते.

पण गेल्या महिन्यात दिवे घाटात पडलो. सासवडहून येत होतो. खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो त्या टप्प्यावर वेग ६२ होता, पायडल मारत नव्हतो. उजव्या वळणाआधी रम्बलरच्या पट्ट्या आल्या. डोकं हेडरेस्टला टेकलेलं होतं. पट्ट्यांची थरथर सीटमधून सरळ कवटीत गेली आणि समोरचं सगळं धूसर झालं. दोन सेकंद असेल. त्या वेगाला दोन सेकंदांत ३४ मीटर रस्ता जातो, आणि तो मी बघितलाच नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला गाडीतून सांडलेला मुरूम होता. पुढचं चाक त्यावर गेलं आणि खालून निसटलं. उजवी बाजू कमरेपासून कोपरापर्यंत सोलून निघाली. मागून गाडी येत नव्हती म्हणून आज हे लिहितोय.

सायकल तीच, मी तोच, पण यवतचा ३५ आणि दिवे घाटातला ६२ यांत माझं काहीतरी चुकलं. तुमच्यापैकी जे कोणी आडवी चालवतात, किंवा उतारावर कुठलीही सायकल जोरात सोडतात, त्यांनी आपापला अनुभव लिहा. कुठल्या रस्त्यावर किती वेग घ्यायचा हे कसं ठरवता?

चाकवेडा

दादा, आधी जखम नीट भरू द्या. कोपरावरची खपली सारखी हलते, लवकर सायकलवर बसू नका.

मी रोडबाइकवाला. तुमच्याबरोबर दोनदा २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची फेरी) केली आहे, त्यामुळे मागून तुम्हाला पाहिलंय. कात्रजच्या चढाला तुम्ही आमच्या मागे राहता, बोगद्याच्या पलीकडे उतार लागला की दिसेनासे होता. आम्ही उतारावर अंग वाकवून, कोपरं आत घेऊन जे मिळवतो ते तुम्हाला नुसतं बसून मिळतं. म्हणूनच मला त्याची भीती वाटते. आम्हाला वेग वाढल्याचं अंग सांगतं, वारा शर्ट ओढतो, डोळ्यांत पाणी येतं. तुम्हाला ते कोण सांगतं?

लेथवाला

चाकवेडा यांनी नेमकं बोट ठेवलंय. भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, दोन आडव्या फ्रेमी मी स्वतः बांधल्या आहेत. थोडा हिशोब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण त्यावरून गोष्ट कळते.

स्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरा. हवेला आडवं येणारं क्षेत्र साध्या सायकलचं ०.३५ चौरस मीटर आणि आडवीचं ०.२२ (हे हवेच्या रोधाचा गुणांक धरून). पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून हवा जरा विरळ. सपाटीवर ४० चा वेग ठेवायला साध्या सायकलला सुमारे ३२० वॅट लागतात, आडवीला २२५ च्या आत काम होतं. हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे २० च्या वेगाला हा फरक जाणवतही नाही आणि ४० ला डोंगराएवढा होतो.

चढाला मात्र हवेचा संबंधच नाही. तिथे वजन उचलायचं असतं. आडवी दोन-चार किलो जड, त्यात उभं राहून पायडल मारता येत नाही. म्हणून कात्रजला मागे राहणं ठरलेलंच.

आता उतार घ्या. शंभराला सहा असा उतार सलग मिळाला आणि ब्रेक लावलाच नाही, तर साधी सायकल ५७ च्या आसपास जाऊन थांबते, त्यापुढे हवा तिला जाऊ देत नाही. क्षेत्र ०.२० पर्यंत आणलेली, आणखी खाली बसायची आडवी ७५ ला पोचते. हवा हा सगळ्या सायकलींचा फुकटचा ब्रेक आहे आणि आडवीने तो काढून टाकलेला असतो. त्याच उतारावर ४० चा वेग धरून ठेवायचा तर साध्या सायकलच्या ब्रेकना २७० वॅट जिरवावे लागतात, आडवीच्या ब्रेकना ३६० च्या वर. म्हणजे वेग सारखा असला तरी उष्णता एक तृतीयांशाने जास्त. त्यात पुढची रिम २० इंची, धातू कमी, तापते लवकर. मुळशीवाट, तुमच्या पुढच्या चाकाला थेट रिमवर दाबणारा रिम ब्रेक आहे का डिस्क?

थांबायचं अंतरही बघा. एक सेकंद ब्रेकपर्यंत हात जायला आणि पुढे बऱ्यापैकी दाबलेला ब्रेक असं धरलं, तर उतारावर ५७ वरून थांबायला ४७ मीटर लागतात, ७५ वरून ७५ मीटर. घाटातल्या किती वळणांवर ७५ मीटर पुढचं दिसतं?

एक बाजू मात्र आडवीच्या पारड्यात आहे. बैठक खाली आणि पाय पुढे असल्यामुळे पुढचा ब्रेक गच्च दाबला तरी माणूस हँडलवरून उलटा होत नाही. कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर धरून ठेवेल तेवढा ब्रेक वापरता येतो. पण मुरमावर किंवा ओल्या रस्त्यावर टायरच धरत नाही, तिथे हा फायदा शून्य.

जुना कोथरूडकर

मी ६७ वर्षांचा. पन्नास वर्षं सायकल चालवली, आता गुडघे आणि मान दोन्ही कुरकुरतात. मला ६० चा वेग नको, सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत जाऊन परत येता आलं तरी पुष्कळ. या वयात आडवी शिकता येईल का? तोल जाईल याची धास्ती वाटते.

तांबडी माती

काका, नक्की येईल, आणि तोलाची धास्ती असेल तर तुम्ही तीनचाकी आडवी बघा. मी चार वर्षं तीच चालवते. पुढे दोन चाकं, मागे एक. सिग्नलला पाय टेकायचा नाही, चढाला ताशी पाचच्या वेगानेही जाता येतं. दोनचाकी आडवी एवढ्या सावकाश चालवली तर डगमगते. खाली बसून परत उठणं मात्र गुडघ्यांना जमतंय का ते आधी बघून घ्या. सीट जमिनीपासून वीतभर-दीड वीत उंच असते. मी उठताना पुढच्या चाकांना ब्रेक लॉक करते आणि हातांवर जोर देते.

मुळशीवाट दादा, मुरमावर तुमची गाडी पडली, माझी घसरली असती पण पडली नसती. हा फरक मोठा आहे. पण तीनचाकीला वेगात वेगळाच धोका आहे आणि तो मी पिरंगुटच्या घाटात शिकले. दोनचाकी वळणावर कलते, तीनचाकी कलत नाही. ४५ च्या वेगाने वळणात शिरले आणि आतल्या बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. तेव्हापासून वळणाआधीच वेग उतरवते आणि आत जाताना अख्खं धड वळणाच्या आतल्या बाजूला टाकते, खांदा चाकाच्या वर जाईपर्यंत. वळणाच्या मध्यात ब्रेक मारत नाही.

दुसरं, खड्डे. दोन चाकांचा एकच माग असतो, माझे तीन. भूगावात एक खड्डा चुकवला तर दुसरं चाक शेजारच्यात जातं. म्हणून शहरात मी वीसच्या पुढे जातच नाही. माझा वेग पौडच्या पुढे सुरू होतो.

आणि झेंडा. दीड मीटर उंच काठी, तिला भडक नारिंगी कापड. हलणारी वस्तू माणसाच्या नजरेत आधी भरते. ट्रकच्या बॉनेटखाली मी ड्रायव्हरला दिसतच नाही, झेंडाच दिसतो. सिग्नलला ट्रकच्या अगदी पुढे किंवा त्याच्या डाव्या कडेला कधीच उभी राहत नाही. दोन वाहनं मागे थांबते.

सांजवारा

मी आडवी चालवत नाही, पण हिचा इतिहास वाचताना हरखून गेलो होतो, म्हणून लिहितो.

१९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर हा दुसऱ्या फळीतला स्वार शार्ल मोशे यांनी बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला. त्याआधीचा तासाचा विक्रम ऑस्कर एग यांचा, १९१४ सालचा, ४४.२४७ किलोमीटर. एकोणीस वर्षं जो भल्याभल्यांना मोडता आला नाही तो फोरने पाठ टेकून मोडला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलची व्याख्या अशी केली की आडवी तीत बसेचना. तेव्हापासून ती शर्यतींच्या बाहेर आहे. नव्वद वर्षांत तिच्यावर कारखान्यांनी पैसा लावला नाही त्यामागे मला हे मोठं कारण वाटतं.

तरी ज्यांना ती आवडली त्यांनी सोडली नाही. अमेरिकेत नेवाडातल्या बॅटल माउंटनजवळ जवळपास दरवर्षी वेगाच्या चाचण्या होत आल्या आहेत. २०१६ मध्ये कॅनडाच्या टॉड रायकर्टने तिथे ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला, नुसत्या पायांच्या जोरावर. अर्थात ती सायकल अंड्यासारख्या कवचात पूर्ण बंद असते, मोजणी २०० मीटरची, आणि वेग घ्यायला आधी आठेक किलोमीटरचा सरळ, गुळगुळीत, वाहतूक अडवलेला रस्ता. लेथवाला यांनी हवेचं गणित मांडलंय त्याचं हे टोक आहे. तिथे रस्त्याची काळजी दुसऱ्यांनी घेतलेली असते. आपल्याकडे ती स्वारालाच घ्यावी लागते.

मुळशीवाट

सगळ्यांचे आभार. लेथवाला, पुढे रिम ब्रेकच आहे. घाटाच्या पायथ्याशी एकदा रिमला बोट लावलं होतं, चटका बसला होता. तेव्हाच समजायला हवं होतं.

चाकवेडा, तुमच्या प्रश्नाने दोन दिवस झोप नीट लागली नाही. "तुम्हाला कोण सांगतं?" खरंच कोणी सांगत नाही. वेगाचा मीटर बघितला तरच कळतं. त्यामुळे आता बसून जे आठवतंय ते रस्त्यानुसार लिहून काढतो.

काँक्रीटचा रस्ता दिसायला सपाट, पण दर काही मीटरवर सांधा असतो. २५ ला तो टक-टक ऐकू येतो, ४० ला पाठीत हातोडी मारल्यासारखा बसतो. साध्या सायकलवर खड्डा दिसला की आपण नकळत ढुंगण उचलतो, गुडघे आणि कोपरं धक्का पितात. आडव्यावर ते शक्य नाही. आख्खा माणूस सीटवर ओझ्यासारखा ठेवलेला असतो, जो धक्का चाकाला बसतो तोच मणक्याला. ज्या कमरेसाठी ही सायकल घेतली तिलाच वाईट रस्त्यावर वेगात चालवून दुखवता येतं, हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मी २८ मिलिमीटरचे टायर १०० पौंड हवा भरून चालवायचो. आता पुढे-मागे ४० मिलिमीटर, हवा ५५ ते ६०. गुळगुळीत डांबरावर दीड-दोन किलोमीटरचा वेग गेला असेल, बाकी सगळीकडे वाढला, कारण आता ब्रेकवरचा हात काढता येतो. कडक फायबरच्या सीटऐवजी जाळीची सीट लावली तर आणखी फरक पडेल असं दिसतंय.

मग २० इंची चाक. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्यात छोटं चाक उतरतं. आपल्याकडे डांबराचे थर चढत जातात आणि ड्रेनेजची झाकणं खाली राहतात, त्या चौकोनी खळग्यात माझं पुढचं चाक पुरतं बसतं. शिवाय पायडल आणि पाय समोर असल्यामुळे पुढच्या चाकाच्या लगेच पुढचा चार-पाच मीटरचा रस्ता मला दिसत नाही. म्हणजे जे चुकवायचं ते वीस मीटर आधीच ठरवावं लागतं.

पावसाळ्याबद्दल सांगायचं तर जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की लोणावळ्याकडे जाताना साधी सायकलवाले तळेगाव-कामशेतच्या मध्ये रडकुंडीला येतात, तिथे आडवी मजेत जाते. तो आनंद मी लपवणार नाही. पण पुढच्या चाकाचं पाणी थेट तोंडावर येतं, मडगार्डशिवाय डोळे उघडे ठेवता येत नाहीत. आणि डोळे मिटून २० चाही वेग नको.

हेडरेस्ट मी काढून टाकलाय. मान दुखली तर थांबेन.

लेथवाला

हेडरेस्ट पूर्ण काढू नका, लांबच्या सपाट रस्त्यावर तो लागतो. दीड-दोन इंच मागे न्या. मान सैल सोडली की टेकेल, एरवी डोकं मोकळं राहील. खराब पट्टा आला की हनुवटी छातीकडे घ्यायची सवय लावा.

पुढचं चाक डिस्कचं करून घ्या. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांना, डिस्क ब्रेक बसवायची टॅब वेल्ड करण्याच्या भानगडीत पडू नका. पातळ नळीचा फोर्क असतो, डिस्कचा जोर एकाच दांडीवर येतो आणि ती वाकते. डिस्कसाठीच बनलेला फोर्क घाला, १८० मिलिमीटरची डिस्क लावा. लांब चेनला वाट देणाऱ्या चाकीचं, आयडलर पुलीचं, बेअरिंगही या निमित्ताने बघून घ्या, पडल्यावर ती तिरकी होते आणि लांब चेन एकाच कडेने घासत राहते.

पहिलाच पाऊस

धागा मागचे चार दिवस वाचतेय. पुढच्या महिन्यात माझी आडवी येणार आहे. एकच विचारायचंय: पायडलमध्ये अडकणारे क्लिपचे बूट पहिल्या दिवसापासून घालायचे का? पाय अडकून पडायची भीती वाटते.

तांबडी माती

पहिले पंधरा दिवस साधे पायडल, रिकाम्या मैदानात, वेग नाही. पण एकदा रस्त्यावर आलात की क्लिप हवीच. वेगात पाय पायडलवरून सुटला तर तो खाली जमिनीला लागतो, सायकल पुढे जाते आणि पाय सीटखाली ओढला जातो. घोटा, गुडघा काहीही जाऊ शकतं. धक्क्याने पाय सुटतो, म्हणजे नेमका खराब रस्त्यावर सुटतो. स्प्रिंग अगदी सैल ठेवा आणि घरात भिंतीला धरून शंभर वेळा पाय सोडवायचा सराव करा.

तुमची आखूड व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांत कमी अंतर असलेली, असेल तर सावकाश वळताना टाच पुढच्या चाकाला लागते. घट्ट वळणात पायडल थांबवायचे, आतला पाय कुठे आहे ते बघायचं. वेगात हा प्रश्न येत नाही, कारण चाक तेवढं वळतच नाही. आणि आरसा आधी लावा. मागे वळून बघता येत नाही या सायकलवर.

चाकवेडा

काल मुळशीवाट दादांबरोबर दिवे घाट परत उतरलो. ते स्वतःहून म्हणाले, तू पुढे राहा आणि ४० च्या वर जाऊ नकोस. जिथे पडले होते तिथे थांबून पट्ट्या बघितल्या. सहा पट्ट्यांचे तीन संच आहेत. पायी चाललं तर काहीच वाटत नाही.

खाली वडकीला पोचल्यावर त्यांनी त्यांची नवी पद्धत सांगितली, ती इथे लिहायची परवानगी घेतली आहे. रस्ता जिथपर्यंत स्वच्छ दिसतोय त्याच्या अर्ध्यात थांबता आलं पाहिजे, तेवढाच वेग. यवतच्या रस्त्यावर तीनशे मीटर दिसतात, मग पाय देतील तेवढा. घाटाच्या वळणावर चाळीस मीटर दिसतात, मग वेग पंचवीस. सपाटीवर त्यांना वेगाचा मीटर लागत नाही, उतारावर ते दर वळणाआधी मीटर मोठ्याने वाचतात. मला मागून ऐकू येत होतं: "अडतीस. चौतीस. सव्वीस."

माझं एक मत अजून कायम आहे. उसाच्या हंगामात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू असताना, खाली बसणाऱ्या सायकलने अंधारात हमरस्त्यावर येऊ नये, मग झेंडा असो की दिवा. ट्रॉलीला मागे दिवे नसतात आणि तिचा चालक मागे बघत नाही.

मुळशीवाट

पहाटेचं मान्य. हंगाम संपेपर्यंत साडेपाचऐवजी उजाडल्यावर निघेन.

उसाच्या रस्त्यावरच्या चिपाडांचंही लिहायचं राहिलं होतं. ओली चिपाडं मुरमाएवढीच निसरडी असतात.

जुना कोथरूडकर

तांबडी माती यांनी शनिवारी मला त्यांची तीनचाकी चालवायला दिली. खडकवासल्याच्या अलीकडच्या शांत रस्त्यावर चार किलोमीटर गेलो आणि आलो. मान एकदाही दुखली नाही. वेग १८ च्या वर नेला नाही, पण जमिनीच्या इतक्या जवळ १८ सुद्धा खूप वाटतो. एका वळणावर खांदा आत टाकून बघितला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. उठताना त्यांचा हात धरला.

फक्त पाय पूर्ण ताणावा लागत होता, टाच पायडलवरून सुटायला बघायची. माझी उंची पाच फूट तीन इंच. माझ्यासाठी घेतली तर हे जुळवता येतं का?

लेथवाला

येतं काका. पायडल ज्या पुढच्या नळीवर असतात तो बूम आत सरकवायचा. ताईंच्या मापावरून अंदाजे दोन इंच आत लागेल. बूम दोन इंच आत गेला की चेन चार इंच सैल होते, म्हणजे आठ कड्या काढाव्या लागतात. बूट घालून या, अनवाणी माप चुकतं. रविवारी वर्कशॉप बंद असतं, पण मी सकाळी असतो.